संध्याकाळची दहा मिनिटं

दुकानात तिला सगळे आरसेबाई म्हणत. तिच्या हातात कायम एक मुठीचा गोल आरसा असायचा आणि तो गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर नेमक्या वेळी धरण्यात तिची बरोबरी करणारं तळमजल्यावर कुणी नव्हतं. सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी, क्रीम-लोशनच्या काउंटरवर ती अठरा वर्षं उभी होती. उभी म्हणजे खरोखरच उभी. काउंटरमागे बसायला कंपनीची बंदी, स्टूल फक्त गिऱ्हाइकाला. अठरा वर्षांत पिंढऱ्यांवर निळ्या शिरा तटतटून आल्या, पण पिंढऱ्या काउंटरच्या आड असतात, त्यामुळे कंपनीचं काही अडत नव्हतं.

ती विकायची त्या पेटीला कंपनी ‘संध्याकाळचा क्रम’ म्हणायची. पाच बाटल्या. आधी क्लीन्झर, मग टोनर, मग सीरम, मग डोळ्यांखाली लावायचं, शेवटी नाईट क्रीम. प्रत्येक बाटलीवर आकडा, म्हणजे चुकायला नको. खरं कारण वेगळंच होतं. एक बाटली संपली की पेटीत तेवढा खड्डा दिसतो आणि तो भरेपर्यंत बाईला चैन पडत नाही. हे पेटीवर छापत नाहीत. ट्रेनिंगला आलेल्या मॅडमनी पहिल्या दिवशी हसत हसत सांगितलं होतं.

त्याच मॅडमनी तिला बोलायला शिकवलं. बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात, आणि इथे तर मातीला वासही चांगला होता. सुरुवात अशी करायची: “बसा ना, दमलेल्या दिसता.” बाई बसली की दिवा लावायचा. काउंटरवरच्या मोठ्या आरशाला दोन दिवे होते, एक पांढरा आणि एक पिवळा. आधी पांढरा. त्या उजेडात काल जन्मलेल्या बाळाच्याही गालावर खड्डे दिसले असते. मग गालाच्या जवळ बोट न्यायचं आणि काळजीनं विचारायचं, “हे इथलं… पूर्वीपासून आहे का हो?” ‘हे’ म्हणजे काय ते आपण सांगायचं नाही. बाई स्वतःच शोधते, आणि शोधलं की सापडतंच.

त्यानंतर गप्प बसायचं. मनात चारपर्यंत मोजायचं. तीनला तोंड उघडलं तर घाई दिसते, पाच झाले तर बाई उठून जाते. चार झाले की आवाज मऊ करून म्हणायचं, “चेहरा मुळात सुंदरच आहे तुमचा. फक्त त्याच्याकडे लक्ष दिलं गेलं नाही. संध्याकाळची दहा मिनिटं स्वतःसाठी काढा.” एवढं म्हणता म्हणता गालावर थोडं क्रीम, आणि पांढरा दिवा बंद, पिवळा सुरू. “किंमत आपण होऊन सांगायची नाही,” मॅडम म्हणाल्या होत्या. “बाईच्या तोंडून ‘केवढ्याला आहे?’ आलं, की काम झालं समजा.”

आरसेबाईला सुरुवातीला हे जमेना. घरात तोंडाचा पट्टा चालायचा, पण परक्या माणसासमोर दातखीळ बसायची. मग ती घरी सराव करायला लागली, आणि सरावाला गिऱ्हाईक म्हणून घरात होती कोण? तिची पोर, चिमी. तेव्हा चार वर्षांची. पालथ्या घातलेल्या डब्यावर चिमी बसायची, आईची पर्स कोपरात अडकवून, पाय जमिनीला टेकत नसताना अगदी मोठ्या बाईसारखी.

“बसा ना, दमलेल्या दिसता.”

“हो ना बाई, फार दमलेय.”

“हे इथलं… पूर्वीपासून आहे का हो?” आरसेबाई तिच्या गालावर बोट ठेवायची. कुठेतरी ठेवायचं म्हणून ठेवायची. त्या गालावर दुधाच्या ओघळाशिवाय काही नव्हतं. चिमी आरशात निरखून बघायची आणि कपाळाला आठ्या घालून म्हणायची, “पूर्वीपासूनच आहे.” मग आई मनात चार मोजायची, सुंदर चेहऱ्याचं वाक्य म्हणायची, आणि चिमी पर्स उघडून गंभीरपणे विचारायची, “केवढ्याला आहे?”

“एका पापीला.”

मग पापी, मग हसणं. नवरा दारात उभा राहून बघायचा. लिफ्टदुरुस्तीचं काम करणारा माणूस, हात कायम ग्रीसनं काळे. “मलाही एक बाटली द्या बाई,” म्हणायचा, “माझं नुसतं पूर्वीपासूनचं नाही, माझ्या बापापासूनचं आहे.” तिघंही हसत. दरवर्षी कंपनी बोलण्यात दोन-चार शब्द बदलायची, दरवर्षी सराव नव्यानं व्हायचा, आणि दहा वर्षांची होईपर्यंत चिमीनं तो खेळ सोडला नाही. पाढे चुकायची, पण हे तोंडपाठ होतं. आईला कौतुक वाटायचं. आपण पोरीला दररोज एक खोट काढून दाखवतो आहोत, हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मला विचाराल तर यायला हवं होतं. तिचा धंदाच तो होता.

पुढे दुकानानं नवे आरसे आणले. जुने भंगारात निघाले, त्यातला एक आरसेबाई घरी घेऊन आली. नवऱ्यानं त्याला प्लग जोडला आणि चिमीच्या कोपऱ्यात भिंतीवर टांगला. आरशाचा पिवळा दिवा गेलेला होता. तसला बल्ब आता मिळत नाही, असं तीन दुकानांत सांगितलं. पांढरा मात्र ठणठणीत होता. चिमी त्या पांढऱ्या उजेडात वेणी घालू लागली, अभ्यासाला बसू लागली, आणि चौदाव्या वर्षी जेव्हा सगळ्यांना फोड येतात तेव्हा तिचे फोड त्याच उजेडात मोजू लागली.

आरसेबाई स्वतः काय लावायची? ऐका. घरी आली की ती मोरीत सगळ्यांकडे पाठ करून काउंटरवरचा चेहरा उतरवायची. चार थेंब साधं तेल चोळायचं, कोमट पाण्यानं आणि सौम्य साबणानं धुवायचं, आणि चेहरा ओलसर असतानाच औषधाच्या दुकानातलं बिनवासाचं मलम नखाएवढं लावायचं. तीन मिनिटांत काम. बाकीची सात मिनिटं कंपनीची. मलमाची ट्यूब ती मिठाच्या बरणीमागे ठेवायची. शेजारणींना पेट्या तिनंच खपवल्या होत्या, त्यांच्या नजरेला ट्यूब पडायला नको. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

चिमीला तरी सांगायचं! पण ते सांगायचं म्हणजे दिवसभर आपण काय बोलतो तेही सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा गप्प बसणं सोपं होतं. काउंटरवरच्या नमुन्याच्या अर्ध्या बाटल्या फेकून द्यायचा नियम होता. त्या ती पिशवीतून घरी आणायची आणि माळ्यावरच्या खोक्यात टाकायची. खोकं रिकामं होतंय हे तिला कळत होतं. ‘मुलींना हौस असते’ म्हणून तिनं डोळेझाक केली. उलट एकदा चिमी मैत्रिणीला फोनवर समजावून सांगत होती, आधी टोनर, मग सीरम, धुतलेल्या चेहऱ्याला कुणाचा हात लागू द्यायचा नाही, तर आरसेबाई पोळपाटावरचा हात थांबवून ऐकत राहिली. पोर आपल्यापेक्षा छान बोलते, असं तिला वाटलं.

चिमी बाविसाव्या वर्षी शिक्षिका झाली, म्हणजे व्हायची होती. लहान मुलांच्या शाळेत तिची निवड झाली. लहानपणापासून तिला तेच करायचं होतं. बाहुल्यांना ओळीत बसवून हजेरी घ्यायची. पत्र आलं त्या दिवशी आरसेबाईच्या नवऱ्यानं ग्रीसच्या हातांनीच ते वाचलं आणि कागदावर अंगठा उमटला. आता शाळेत चेहरा नीट दिसायला हवा, म्हणून चिमीनं क्रम वाढवला. खोक्यातलं साल काढणारं ॲसिड आठवड्यातून एकदा लावायचं असतं, ते ती रोज लावू लागली. सुरकुत्यांची नाईट क्रीम, जी चाळिशीच्या बायकांनाही हलक्या हातानं द्यायची, ती त्याच्यावर. त्याच्याआधी खरखरीत स्क्रब. झोंबलं की तिला वाटायचं, लागू पडतंय. महिन्याभरात दोन्ही गाल लाल झाले, कातडीचे पापुद्रे निघाले, नुसत्या पाण्यानंही आग व्हायला लागली. तेव्हा तिनं आग शमवायला आणखी दोन बाटल्या काढल्या.

एका संध्याकाळी आरसेबाई घरी आली तर चिमी अंधारात भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिनं खांदा धरून वळवलं, दिवा लावला, आणि दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं.

चामडीचे डॉक्टर वयस्क होते, मान वर न करता लिहिणारे. पण चिमीकडे त्यांनी भिंग धरून बराच वेळ पाहिलं. तिनं पिशवीतून एकेक बाटली काढून टेबलावर मांडली. नऊ झाल्या.

“सगळं बंद,” डॉक्टर म्हणाले. “संध्याकाळी घरी आलीस की कोमट पाणी, सौम्य क्लीन्झर, चोळायचं नाही. चेहरा ओला असताना हे साधं मलम. सकाळी सनस्क्रीन. तीन महिने दुसरं काही नाही.”

“एवढंच?” चिमी म्हणाली.

“एवढंच. पुढे काही लावावंसं वाटलं तर एका वेळी एकच गोष्ट, आठवड्यातून दोनदा, तीही मला विचारून.” त्यांनी लिहिलेलं मलम मिठाच्या बरणीमागचंच होतं. आरसेबाईनं नाव ओळखलं आणि नजर खाली घातली.

“हे एवढं सगळं लावायला तुला सांगितलं कुणी?” डॉक्टरांनी विचारलं.

चिमीनं आईकडे पाहिलंही नाही.

“काउंटरवरच्या बाईंनी,” ती म्हणाली.

“त्या बायकांना काय कळतंय! त्यांना माल खपवायचा असतो. नाही का हो?” हे त्यांनी आरसेबाईला विचारलं, आई म्हणून.

“हो ना,” आरसेबाई म्हणाली.

बाहेर आल्यावर चिमी पुढे, आरसेबाई मागे, अशा दोघी चालत राहिल्या. चिमीनं आपल्याला वाचवलं की फासावर दिलं, हे आरसेबाईला ठरवता येईना. घरी येऊन तिनं मलमाची ट्यूब बरणीमागून काढली आणि चिमीपुढे धरली. “मी हेच लावते,” ती म्हणाली. “पहिल्यापासून.”

चिमीनं ट्यूब उलटीपालटी करून पाहिली. तळापासून नीट गुंडाळत आणलेली, अर्ध्याहून जास्त संपलेली ट्यूब होती ती. “मग मला का नाही सांगितलंस?” एवढंच तिनं विचारलं. अठरा वर्षं जिनं बोलण्यावर घर चालवलं तिला त्या वेळी एक वाक्य सुचू नये!

शाळेनं तीन महिन्यांची मुदत दिली. मुख्याध्यापिकाबाई भल्या होत्या. नवं सत्र सुरू होईल त्या सोमवारी या, म्हणाल्या. आरसेबाईनं मनाशी एकच धरलं होतं, त्या सोमवारी पोर शाळेत गेली पाहिजे. माळ्यावरचं खोकं तिनं कचऱ्यात रिकामं केलं. रोज संध्याकाळी चिमीसोबत मोरीत उभी राहून ती तोंड धुवायची, पाणी कोपरानं तपासून द्यायची, लहान बाळाला देतात तसं. तीन मिनिटं. दोघी एकाच ट्यूबमधलं मलम लावायच्या.

काउंटरवरही तिचे शब्द अडकायला लागले. एक दिवस चिमीच्याच वयाची एक मुलगी आली. चेहरा स्वच्छ, हनुवटीवर एक फोड, बस्स. आरसेबाईनं आरसा उचलला आणि खाली ठेवला.

“तुझ्या चेहऱ्याला काही झालेलं नाही गं,” ती हळूच म्हणाली. “घरी जा, कोमट पाण्यानं तोंड धू, हा फोड आठवड्यात जाईल.”

मुलीचा चेहरा पडला. “म्हणजे… याला काही उपायच नाही का?”

“अगं, उपाय कशाला हवा? झालंय काय?”

पण ती उठलीच होती. समोरच्या काउंटरवर जाऊन बसली, तिथला पांढरा दिवा लागला, आणि पाच मिनिटांत ती हातात पिशवी घेऊन सरकत्या जिन्यानं वर गेली. आरसेबाई खरं बोलायला गेली आणि हात दाखवून अवलक्षण झालं. पुढच्या गिऱ्हाइकाला आरसेबाई नेहमीसारखं बोलली. घरात एक पगार ग्रीसचा होता, दुसरा हा.

तीन महिन्यांनी चेहरा बरा झाला. हे मी उगीच धीर द्यायला सांगत नाही, खरोखर बरा झाला. शुक्रवारी डॉक्टरांनी भिंग ठेवून दिलं आणि म्हणाले, “आता माझ्याकडे यायचं काही कारण नाही.” आरसेबाईनं त्या दिवशी पेढे वाटावेत तशी शेजारी सगळ्यांना बातमी सांगितली. चिमी मात्र घरी येऊन पांढऱ्या दिव्यासमोर बसली.

रविवारी संध्याकाळी नवऱ्यानं हात तीनदा धुऊन चिमीचे कपडे इस्त्री केले आणि खुर्चीवर पसरून ठेवले. चिमीनं कपड्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, “मी नाही जाणार.”

“बरं झालंय की सगळं,” नवरा म्हणाला. “आमच्या तोंडाकडे बघ आणि समाधान मान.” कुणी हसलं नाही. तो इस्त्रीची वायर गुंडाळत बसला.

आरसेबाईनं आरशाचा प्लग काढला. चिमीला हाताला धरून खिडकीपाशी आणलं. उन्हं उतरली होती, खालच्या रस्त्यावर भाजीची गाडी ढकलत कुणी घरी चाललं होतं, आणि त्या साध्या उजेडात पोरीचा चेहरा असा दिसत होता की आरसेबाईलाही त्यात एक खोट काढता आली नसती.

“प्लग काढून काय होणार आई?” चिमी म्हणाली. “मला पाठ आहे माझा चेहरा. इथे डावीकडे एक आहे, इथे रंग वेगळा आहे, नाकाशी भोकं आहेत. लहान मुलं फार जवळून बघतात. अगदी तोंडाशी तोंड आणून बघतात.”

“मुलं असलं काही बघत नाहीत गं. तू चार वर्षांची होतीस तेव्हा माझ्या तोंडाकडे काय बघायचीस?”

“मी कुठे बघायचे? तू माझ्याकडे बघायचीस.”

ते लागलं. जिथे लागायला हवं होतं तिथेच लागलं. पण आरसेबाईला वाटलं, आता थांबलो तर ही उद्या जाणार नाही. खरं तेच सांगायचं. अठरा वर्षांत खरं बोलायची वेळ आलीच आहे तर बोलून टाकायचं. तिनं दोन्ही हातांनी पोरीचे खांदे धरले. जे डोळ्यांना दिसत होतं तेच ती म्हणाली, आणि म्हणताना तिचा आवाज आपोआप मऊ झाला.

“चिमे, चेहरा मुळात सुंदरच आहे तुझा.”

बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. चिमी तिच्याकडे बघत राहिली. इस्त्रीची वायर गुंडाळणं थांबलं. आरसेबाईच्या मनात, तिला नको असताना, मोजणं सुरू झालं. एक, दोन, तीन, चार.

चिमी ताठ उभी राहिली. डावं कोपर तिनं दुमडून वर घेतलं, पर्स अडकवलेली असावी तसं. आणि अगदी गंभीरपणे, त्या डब्यावर बसलेल्या पोरीच्या आवाजात तिनं विचारलं, “केवढ्याला आहे?”

उत्तर आरसेबाईच्या ओठांवर होतं. ती नुसतीच पुढे वाकली. चिमीनं गाल बाजूला घेतला.

“हात नको लावूस,” ती म्हणाली. “आत्ताच धुतलाय.”

मग तिनं फोन उचलला आणि मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं की तिला यायला जमणार नाही. एकदाही अडखळली नाही. मऊ, काळजीनं भरलेला, समोरच्या माणसाला क्षणभरही वाईट वाटू न देणारा आवाज होता तो, आणि तो कुणाचा ते घरात तिघांनाही कळत होतं. फोन ठेवून तिनं आरशाचा प्लग परत लावला. नवऱ्यानं खुर्चीवरचे कपडे उचलले, घडी मोडू न देता कपाटात ठेवले, आणि मोरीत जाऊन उगाचच पुन्हा हात धुतले.